नववी चिठ्ठी

उपासनेला अर्धा तास उरला होता. चर्चच्या ऑफिसात आठ चिठ्ठ्या टाइप होऊन टेबलावर पडल्या होत्या, पेटीत अजून दोन शिल्लक होत्या आणि नववी शिंप्याच्या बायकोच्या हातात होती. ती चुरगळली होती, कारण तिने ती एकदा केराच्या टोपलीत टाकून परत उचलली होती.

लोकांनी प्रार्थनेच्या पेटीत टाकलेल्या चिठ्ठ्यांची दर रविवारी यादी करायची आणि उपासनेत ती वाचायची, हे काम तिचं. चिठ्ठ्यांत असायचं तरी काय? हेडमास्तरांचा गुडघा, कुणाच्या नातवाची परीक्षा, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. पहिलं नाव मात्र दोन वर्षं एकच होतं, तिच्या नवऱ्याचं. एक टेम्पो फुटपाथवर चढून थेट शिलाईच्या दुकानात घुसला, तेव्हापासून शिंपी घरी अंथरुणावर होता. टेम्पोवाल्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

नववी चिठ्ठी त्या टेम्पोवाल्यासाठी होती. पोटात गाठ, मंगळवारी ऑपरेशन. अक्षर त्याच्या बायकोचं.

पाळक आत आले तशी तिने चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. "ही पण वाचायची?"

पाळकांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला. "पेटीत आली म्हणजे वाचायची."

"आणि देव ह्याचंही ऐकणार?"

"ऐकणार."

"माझ्याइतकंच?"

"तेवढंच. कमी नाही, जास्त नाही."

"मग दोन वर्षं मी गुडघे झिजवले ते कशाला, पाळकसाहेब? मला वाटत होतं, कोणी नाही तर निदान तो तरी माझ्या बाजूने आहे."

पाळक खुर्चीवर टेकले. "तुमच्या बाजूने आहेच, ताई. पंचाईत अशी आहे, की तो त्याच्याही बाजूने आहे. खरं सांगू? हे मलाही दर वेळी पचत नाही."

तिला भयंकर राग आला. टेम्पोवाल्याचा आला, पाळकांचा आला, आणि ज्याचा यायला नको त्याचाही आला. त्याच रागात तिने नाव टाइप केलं.

उपासनेत ती यादी घेऊन उभी राहिली. प्रत्येक नावानंतर लोक म्हणायचे, "प्रभो, दया कर." सवयीने, एका सुरात. शिंप्याला जी चाल, तीच हेडमास्तरांच्या गुडघ्याला. आठ नावं झाली. नववं गाळलं असतं तर कोणाला कळणार होतं? शेवटच्या बाकावरच्या एकीला. टेम्पोवाल्याची बायको पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून बसली होती.

शिंप्याच्या बायकोने ते नाव एका दमात उरकून टाकलं.

कोणी काही म्हणालं नाही.

त्या नावाचा माणूस कोण, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. हेडमास्तरांनी ओठ मिटून तिच्याकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली. त्यांच्या शेजारच्या बाईंनीही. सगळे बाक तिच्या बाजूने गप्प बसले होते. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. दोन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग मागून आवाज आला. "प्रभो, दया कर."

एकटीचा होता. एवढ्या मोठ्या जागेत तो फारच बारीक वाटला. शिंप्याच्या बायकोला तो आवाज ओळखीचा होता. दवाखान्याच्या जिन्यात बसून हेच शब्द तिने स्वतः असेच म्हटले होते. तेव्हाही सोबत कोणी नव्हतं.

तिने पाळकांकडे पाहिलं. त्यांनी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. खोकल्याचे दोनतीन आवाज झाले. पुढे सरका, असं कोणी बोलून दाखवत नव्हतं, एवढंच.

तिने त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि ते नाव पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश, अक्षर न् अक्षर सुटं करून. मग मान वर केली आणि एकेका बाकाकडे बघत उभी राहिली. दहावं नाव वाचायची तिला काही घाई नव्हती.