गुण नसलेली बुरशी

"सर, पुटावा बुरशीत काही दम नाही म्हणता, मग माझा फुटलेला गुडघा तिनं भरून कसा आला?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून हिनेवाईनं मराएवर, माओरी वस्तीच्या चावडीवर, भर सभेत विचारलंच.

"योगायोग, बाळ," संशोधक म्हणाले. तीन वर्षं तपासून त्यांना एकही औषधी घटक सापडला नव्हता.

हा माणूस नक्की काहीतरी लपवतोय! पण मान खाली घालून हसू दाबत होते ते तिचे आजोबा. तिनं त्यांना अंगणात गाठलं.

"काय केलंत, आजोबा?"

"तोडण्याआधी रानाची परवानगी माग म्हटलं, तर फिदीफिदी हसला लेकाचा."

घरात शिरतानाच ती ओरडली, "आई, बाबा, मी रसायनशास्त्र घेतेय! आजोबांनी त्या संशोधकाला भलतीच बुरशी दिली होती. खरी ते मलाच दाखवणार आहेत."