आखाजीचा पाट

"तुनी मायनी बेबानंच नाव सांगेल शे," आबा म्हणाले. "पितरना पाटवर तीच बसी."

सुंदर पुरण वाटता वाटता थांबली. माय जाऊन चार महिने झाले होते, तिच्यामागची ही पहिली आखाजी, पितरांना जेवू घालायची अक्षय्य तृतीया. सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्णच जेवू घालायची आणि त्या दिवशी तिलाच गेलेलं माणूस समजायचं, ही रीत सुंदरला नवी नव्हती. पण अख्ख्या गावात मायला बेबाच सापडली?

समोरच्या घरातल्या या जिवाभावाच्या मैत्रिणीशी सुंदर पाच वर्षं बोलली नव्हती. चौऱ्याऐंशी साली धुळ्याला नर्सिंगला निवड झाल्याचं पत्र तिनं मुद्दाम बेबाच्या पत्त्यावर मागवलं होतं. ते आबांच्या हाती पडलं आणि पंधरा दिवसांत लग्न होऊन सुंदर पिंपळनेरला नांदायला गेली. आबांना विचारायची सोय नव्हती. पण बेबाशिवाय पत्र देणार कोण? विचारलं तेव्हा बेबानं ना हो म्हटलं, ना नाही.

आता मायही नव्हती. मन मोकळं करावं असं माहेरी एकही माणूस उरलं नव्हतं. चार महिने ती रडलीच नव्हती.

सुंदर समोरच्या घरी गेली. "जेवाले ये," एवढंच म्हणाली. बेबानं मान हलवली.

दुपारी बेबा मायचं हिरवं लुगडं नेसून आली. निंबाच्या झोक्यावर पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. उन्हात ती पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येत होती. सुंदरनं बेबाचे पाय धुतले, कुंकू लावलं, मांडे आणि आमरस वाढला. लुगड्याला अजून मायच्या तपकिरीचा वास होता. बेबा डाव्या हातानं पदर सावरत जेवू लागली, अगदी मायसारखी. समोर कोण जेवतंय तेच सुंदरला कळेना, आणि कळून घ्यावंसंही वाटेना.

"माय," ती म्हणाली, "तू गई तवय मी नव्हतू वं."

बेबानं घास खाली ठेवला आणि माय होऊनच बोलली.

"पोरी, ते पत्र पोस्टमननी मना हातमा दिधं व्हतं. तुना आबाले मीच दिधं. बेबाना काहीच दोष नही."

ओसरीवरचे आबा उठून बैलांना पाणी पाजायला गेले.

पितराच्या पाटावर बसून कुणी खोटं बोलत नाही. सुंदरनं ताटासमोर डोकं टेकलं आणि चार महिन्यांचं रडू एकदमच बाहेर आलं. मायचा राग आला, पण तो पाटापर्यंतही पोचला नाही. मग तिनं बेबाचा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. दोघी झोक्यावर बसल्या, आंबे चोखले, पाच वर्षांचं बोलल्या.

"माले आधी का नही सांगं?" सुंदरनं विचारलं. बेबानं झोक्याला आणखी जोरात पाय दिला.

घरी येऊन बेबानं लुगड्याची घडी घातली. पोस्टमनकडून पत्र तिनंच घेतलं होतं. सुंदर धुळ्याला गेली तर आपण एकट्या पडू, म्हणून आबांना नेऊन दिलंही तिनंच. अंथरुणाला खिळलेल्या मायचे केस विंचरताना, मार्गशीर्षात, तिनं ते कबूल केलं होतं. मायनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "मना मांगे पोरीले कोनी तरी पाहिजे. आखाजीले मना पाटवर बसशी, तवय ते मना नाववर टाकी दे. मरेल मानूसवर राग टिकत नही."