क्रॅक व्हर्जन

"फुकट हाय? मंग व्हायरस असंन त्यात!" भागवतने आलिमाचा पेन ड्राइव्ह दोन बोटांनी परत सरकवला.

खामगावातल्या त्याच्या बॅनरच्या दुकानात सगळं सॉफ्टवेअर टोरेंटवरून चोरून उतरवलेलं होतं. त्याचा त्याला अभिमान होता. "लाखाचा माल हाय या कॉम्प्युटरमधी. एक रुपया देला नाई आपुन. जे फुकट वाटत फिरा लागते, ते काय कामाचं, सांग बरं?"

आलिमाचा प्रोग्राम छोटा होता. गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पाठवलेला मराठी मजकूर बॅनरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाकला की त्याचा कचरा व्हायचा. मग तो सगळा पुन्हा टाइप करावा लागायचा. आलिमाचा प्रोग्राम ते काम एका क्लिकमध्ये करायचा. बीएस्सी झाल्यापासून ती त्याच्याच मागे होती. अब्बांनी मुदत दिली होती: ईदपर्यंत गावातल्या एका तरी दुकानात तो चालताना दिसला पाहिजे, नाहीतर पुण्याच्या कॉल सेंटरची नोकरी धरायची. बाकीची दुकानं फिरून झाली होती. भागवतचं शेवटचं होतं.

रमजान संपत आला तेव्हा तिचे अब्बा, फकीर मोहम्मद, आपल्या गाद्यांच्या दुकानाचा बॅनर करायला भागवतकडे आले. आलिमा सोबत होती. मजकूर मोबाइलमध्ये होता. भागवतने तो घेतला आणि एक बटण दाबलं. अक्षरं जागच्या जागी उमटली. जोडाक्षरंसुद्धा.

"हे कसं केलं बे?" फकीर मोहम्मद खुर्चीतून पुढे झुकले.

"लिपीप्रो, चाचा! मोठ्या कंपनीचं दिसते. लय महाग. पन कोनंतरी क्रॅक करून नेटवर टाकलं, मंग काय! पार साखरखेर्ड्यापर्यंत सगळे दुकानवाले हेच वापरून राह्यले." त्याने आवाज उतरवला. "कोनाले सांगू नका बरं. कंपनीले समजलं तं केस ठोकीन."

फकीर मोहम्मदांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुह्या आधी कोनी तरी करून मोकळं झालं, बेटा. आता पुण्याले जा."

"काऊन जाऊ, अब्बा?"

आलिमाने भागवतच्या हातून माउस घेतला. प्रोग्राम कोणी बनवला, ते सांगणारी खिडकी तिने उघडली. ती आजवर कोणत्याच दुकानदाराने उघडली नव्हती. फकीर मोहम्मदांनी चष्मा चढवला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं वाचलं, "आलिमा फकीर मोहम्मद, खामगाव." मग त्यांनी ते पुन्हा वाचलं, आणखी मोठ्याने.

भागवतचा चेहरा उतरला. "म्हंजे म्या तुहंच चोरलं? आता केस करशीन का माह्यावर?"

"चोरलं कुठं, भागवतदादा?" आलिमा हसत म्हणाली. "फुकट देत होती तवा कोनी हात लावला नाई. म्हनून म्याच त्याले कुलूप लावलं, अन् म्याच फोडून नेटवर टाकलं."