पारासमोरची चप्पल

साहेब, हा वर्ग चावडीत ठेवताना तुम्ही जीपमधून खाली तरी उतरला होतात का? उतरला असतात तर वाटेवरचा पार दिसला असता. पारावर बसलेले जाणते दिसले असते, आणि त्यांच्यासमोरून जाताना गावातली प्रत्येक बाई चप्पल काढून हातात घेते, हेही दिसलं असतं. म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून तोल सांभाळायचा वर्ग, आणि तिथं पोचायला म्हातारीने आधी एका पायावर उभं राहायचं. वर तुम्हीच म्हणता, बायका येत नाहीत.

आज एक आली. साक्रीहून एसटीने येणाऱ्या नर्स प्रमिलाबाईंनी दारोदार फिरून विनवलं, म्हणून सत्तरीची वच्छलाबाई आली.

पाराशी तिने पदर पुढे ओढला. समोर मोठे दीर होते, सुकदेव आबा. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. चप्पल काढायला पाय उचलला आणि ती कलंडली. सोबत चाललेल्या प्रमिलाबाईंनी दंड धरला म्हणून वाचली.

आबांच्या शेजारी बसलेले छगन नाना हसले. "तठे एक पायवर उभं राहाले शिकाडतस म्हने. म्हातारीसले काय सर्कसमा जानं शे?"

आबा हसले नाहीत. पारासमोरच्या फरशीकडे बघत राहिले. मग वच्छलाबाईकडे न बघता नर्सला म्हणाले, "बाई, तिले सांगा, चप्पल पायमाच राहू दे."

"आबा, रीत शे ती," नाना म्हणाले.

"यशोदानी बी आठेच रीत पाळी व्हती."

यशोदा आबांची बायको. हातात चप्पल घेऊन ती इथंच पडली. खुबा मोडला, ती पुन्हा खाटेवरून उठू शकली नाही.

वच्छलाबाईने चप्पल पायात सरकवली. पारासमोरून ती चटचट वाजत गेली. गल्लीच्या तोंडाशी उभ्या बायका बघत होत्या.

चावडीच्या पायरीवरून ती परत फिरली. आबांपुढे येऊन हात जोडले. डोळे भरले होते.

"आबा, तुम्हना उपकार व्हयनात."

आबांनी मान हलवली. हातातली काठी थरथरत होती. वच्छलाबाईने ती पाहिली.

"आते तुम्ही वर्गमा कव्हय येशात?"

आबा प्रमिलाबाईंकडे वळले.

"बाईले नका सांगू," वच्छलाबाई म्हणाली. "माले सांगा."