तपासणी चालू आहे

"पुन्हा पोट?" डॉक्टरांनी डोळे चोळत विचारलं. सकाळपासून स्क्रीनवर मुलं तपासून त्यांचं डोकं जड झालं होतं. जेवणाआधीचा हा शेवटचा पेशंट. एका चौकटीत आजोबांच्या मांडीवर बसलेली चिमी होती, दुसरीत कारखान्याची टोपी घातलेली तिची आई.

"कामावर फोन घेऊ देत नाहीत हो," आई म्हणाली. "डॉक्टरांचा असेल तरच सोडतात. फार दुखतंय का गं, बाळा?"

"आता थोडंच," आईला बघून खुललेली चिमी म्हणाली.

"सकाळी पेलाभर दूध पिऊन घरभर हुंदडत होती," आजोबा वैतागले. "सोंगाडी कुठली! डॉक्टरांना उगाच त्रास!"

"सोंग नाही, आजोबा. दुखतंय तिला," डॉक्टर म्हणाले. "नीट तपासायला हवं. ताई, वेळ लागेल, फोन ठेवू नका. आणि चिमे, कुठं कुठं दुखतं ते आईला सावकाश सांग. काही राहायला नको."

मग त्यांनी आपला कॅमेरा बंद केला, स्पीकरही बंद केला, आणि कॉल तसाच चालू ठेवून जेवणाचा डबा उघडला.