कान बदलत नाही

“या बाईंबरोबर मी फोटो काढणार नाही,” बाबा म्हणाले आणि हातातली टोपी त्यांनी छातीशी धरली.

या बाई म्हणजे त्यांची मुलगी.

दोघं दोन दारांच्या मध्ये अडकले होते. पाठीमागे लाकडी दार, समोर काचेचं, आणि मधल्या कपाटाएवढ्या जागेत दोन माणसं, दोन बॅगा. परक्या देशातलं घर आठवड्यासाठी घेतलेलं. बाहेरच्या दाराचा कोड सकाळीच आला होता. आतल्या दाराचा येत नव्हता. त्याऐवजी मोबाइलवर घरमालकिणीचे निरोप येत होते.

दोघांचे पासपोर्ट, पहिलं आणि शेवटचं पान. घरचा पत्ता. एकमेकांशी नातं. दोघांचा एकत्र फोटो, पासपोर्ट हातात धरून.

“उद्या दात किती आहेत तेही विचारेल,” मुलगी पुटपुटली. एवढी माहिती कशाला हवी, असं तिने कळवून पाहिलं. उत्तर लगेच आलं.

नियम आहे. फोटो नाही तर कोड नाही.

बाहेरचं दार आतून नुसतं ओढलं की उघडायचं. म्हणूनच ती त्याला पाठ लावून उभी होती. दाराला लागून रस्ता, रस्त्यावर सुसाट गाड्या. विमानतळावर ती पाण्याची बाटली घ्यायला वळली, तेवढ्यात बाबा भलत्याच कुटुंबाच्या मागे रांगेत जाऊन उभे राहिले होते. त्या कुटुंबाची एक बॅगही उचलून घेतली होती. इथे ते बाहेर पडले तर कुठे शोधायचं?

“थकलीस तू, जरा फिरून ये,” दादा फोनवर म्हणाला होता. “आणि जातेच आहेस, तर बाबांनाही ने.”

दादाला काय उत्तर द्यायला हवं होतं ते तिला आत्ता सुचत होतं. एक तर तिने म्हणायला हवं होतं की

दिवा गेला.

“बाबा, हात हलवा.”

कोणी हललं नाही की इथला दिवा जायचा. दोघांनी अंधारात हात हलवले, जणू कोणाला स्टेशनवर सोडायला आले होते. दिवा आला.

“मला जाऊ द्या हो,” बाबा म्हणाले. “घरी माझी मुलगी वाट बघत असेल.”

गेल्या महिन्यापर्यंत अशा वेळी ती “बाबा, मीच ती” म्हणायची. मग ते घाबरायचे आणि दिवसभर जेवायचे नाहीत. तिने ते सोडून दिलं होतं. आता नुसतंच काहीतरी बोलायचं म्हणून तिने घरमालकिणीचा निरोप मोठ्याने वाचून दाखवला.

बाबांची मान ताठ झाली.

“मग बरोबरच आहे त्यांचं. ओळखपत्राशिवाय चावी देतात का कुठे?”

बाबांचं सगळं आयुष्य हॉटेलच्या काउंटरमागे गेलं होतं. ओळखपत्र विसरून आलेल्या सख्ख्या साडूलाही त्यांनी खोली दिली नव्हती. साडू शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत.

“तुमचं दाखवा,” बाबांनी हात पुढे केला.

तिने पासपोर्ट दिला. त्यांनी बोट ओलं केलं. फोटोचं पान उघडलं, दिव्याखाली धरलं, मग तिच्याकडे पाहिलं.

“केस मागे घ्या. कान दिसू द्या.”

तिने केस मागे घेतले.

“जुळतो. माणूस जाड होतो, बारीक होतो. कान बदलत नाही.” त्यांनी शेवटचं पान काढलं. “वडिलांचं नाव.” ते त्यांनी सावकाश, पूर्ण वाचलं. “हे गृहस्थ कुठे आहेत?”

तिने केस पुन्हा कानावर ओढले.

“मॅडम, मी विचारतोय. वडील कुठे आहेत तुमचे?”

तिने पर्समधून दुसरा पासपोर्ट काढला आणि काउंटरवर ठेवावा तसा बॅगेवर ठेवला.

बाबांनी तो उघडला. दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी धरले. या नावाखाली नख, त्या नावाखाली नख. अक्षरामागून अक्षर. मग फोटो. त्या फोटोतल्या म्हाताऱ्याला शोधायला त्यांनी आजूबाजूला पाहिलं. बॅगांकडे, तिच्याकडे, छताकडे. शेवटी काचेच्या दाराकडे. काचेपलीकडे काळोख होता, आणि अलीकडे एक म्हातारा टोपी धरून उभा होता.

बाबांनी मान वळवली. म्हाताऱ्यानेही वळवली. बाबांनी कानाला हात

दिवा गेला.

या वेळी तिने हात हलवला नाही. तिची हिंमतच झाली नाही. अंधारात फक्त कागदाची सळसळ, आणि बाबांचा श्वास. पाठीला दाराची लाकडी पट्टी टोचत होती.

“हात हलवा, मॅडम. काम राहिलंय.”

तिने हलवला.

बाबा अजून काचेत बघत होते, कान चिमटीत धरून. मग त्यांनी दोन्ही पासपोर्ट मिटले, कडा जुळवल्या, आणि काउंटरवरून द्यायचे तसे दोन्ही हातांनी तिला दिले.

“कागद बरोबर आहेत, मॅडम,” ते म्हणाले. “तुम्ही माझी मुलगी आहात. आता दारातून बाजूला व्हा. मी कुठे जात नाही.”