जिन्याची पाळी
शनिवारी दुपारी क्षयाच्या इस्पितळातून तार आली, आणि डंकनची बायको एफी गेल्याचे चाळीला कळले. त्या जिन्यावरचा यंदाचा तिसरा बळी. ग्लासगोत जिना धुण्याची पाळी ज्या घराची, त्याच्या दाराला पुठ्ठ्याची पाटी लटके. एफी इस्पितळात गेल्यापासून पाटी डंकनच्या दाराशी थांबलीच नव्हती. आज त्याने ती शेजारच्या मॅकफेलकाकूंच्या कडीवरून काढली आणि बादली भरली. "अरे, पुरुषाने जिना धुतलेला कोणी पाहिलाय? आण तो ब्रश!" काकू ओरडल्या. "पाळी आमची आहे, काकू." पहिल्याच पायरीशी तो वाकला, तर कडेला, जिना धुतल्यावर बायका काढत तशी, पांढऱ्या मातीने रेखलेली वेल, एफीच्याच वळणाची. "आठ महिने मीच काढतेय," काकू हळूच म्हणाल्या. "परत आल्यावर तिला आपलीच नक्षी दिसावी, म्हणून." डंकनने उरलेला सगळा जिना धुतला. त्या पायरीला मात्र त्याने अजून पाणी लावलेले नाही.